काहीच न धरणारी माती

एका राज्यात जमीन थोडी होती आणि खडक फार. शेतं नव्हतीच. घरामागं जेवढी माती, तेवढंच शेत; म्हणून राजापासून रंकापर्यंत प्रत्येकाची परसबाग होती. परसात दुधी, काकडी, दोडकी, घेवडा, आणि कोपऱ्यात आडव्या मडक्यात मधमाश्यांचं पोळं. माश्या फुलांवर जात, फुलांची फळं होत, आणि राज्य जेवत असे.

त्या राज्याचा राजा जयकीर्ती, राणी पद्मरेखा, आणि त्यांची एकुलती एक कन्या मंजुघोषा. राजा वाईट नव्हता, पण त्याला उद्याची फार धास्ती. कोठार भरलेलं असलं तरी म्हणे, पुरेल का? पाऊस पडला तरी म्हणे, पुन्हा पडेल का? एके सकाळी राजवाड्याच्या परसात वेलांसाठी आळं खणताना कुदळ तांब्याच्या हंड्यावर आपटली. हंड्यात सोनं होतं, आणि सोन्यावर एक यक्षीण बसली होती.

यक्षीण म्हणाली, "राजा, हे माझं. माती सांभाळते आहे. राहू दे."

राजा म्हणाला, "माझ्या मातीत जे आहे ते माझं. वाईट दिवसांत प्रजेच्या कामी येईल."

"एकदा सांगितलं."

"मीही एकदाच सांगितलं," राजा म्हणाला, आणि त्याने हंडा वर काढवला.

यक्षिणीने पदर झटकला. "तर मग ऐक. आजपासून तुझी माती काही धरणार नाही. आणि मातीचा धनी तू. तुझा देहही काही धरणार नाही."

तसंच झालं. वाफ्यात ओतलेलं पाणी चाळणीतून जावं तसं खाली निघून गेलं. खत घातलं, ते वाहून गेलं. वेल ओढले नाहीत तरी मुळांसकट आडवे झाले. शाप राजवाड्याच्या कुंपणापाशी थांबला नाही. एका परसातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात शिरला. फुलं संपली तशा माश्या मडक्यांतून उठल्या आणि धुरासारख्या डोंगराकडे निघून गेल्या. नगर इतकं गप्प झालं की लोक एकमेकांशी हळू आवाजात बोलू लागले.

राजा तांब्यामागून तांब्या पाणी पिई, आणि त्याच्या ओठांवरची साल निघत राही. पोटभर जेवे, आणि उठता उठता पोट खपाटीला जाई. भ्यालेल्या राणीने सोनं पुन्हा खड्ड्यात पुरवलं. सकाळी पाहते तो सोनं वर येऊन पडलेलं. माती सोनंही धरेना.

तेव्हा मंजुघोषा एकटी त्या खड्ड्याकाठी गेली आणि तिने यक्षिणीला हाक मारली.

"सोनं परत केलं," ती म्हणाली. "शाप मागे घे."

"शाप दिल्यावर तो माझा उरत नाही," यक्षीण म्हणाली. "तीन कामं आहेत. जे आगीत घालशील ते आगीतून परत आण. राख नको, लाकूडही नको. जे उपाशी असेल त्याला आधी जेवू घाल, मग कामाला लाव. आणि ज्या घर सोडून गेल्या त्यांना परत आण, पण त्यांचं काही घेऊ नकोस. या मातीतलं पहिलं फळ तुझ्या बापाने खाल्लं की शाप तुटेल. त्याआधी तो गेला, तर माती कायमची अशीच राहील."

मंजुघोषेने परसात तुराट्या रचल्या आणि पेटवल्या. आग भडकली, सगळं खाऊन उठली, आणि मागं उरली मूठभर राख. दुसऱ्यांदा रचल्या, पुन्हा राख. तेव्हा ती आगीशीच बोलली.

"अग्निदेवा, अर्धं जेवून उठाल का?"

"मी अर्ध्यावर उठत नाही," अग्नी म्हणाला. "मला उठवावं लागतं. श्वास मिळतो तोवर मी खातो."

मग तिने खोल खड्डा खणला, म्हणजे आगीला खालून वारा मिळू नये. थोड्या तुराट्या पेटवल्या. त्यांच्यावर पांढरी राख दिसू लागताच वर दुसरा थर टाकला, मग तिसरा. असा प्रत्येक थराने खालच्याचा श्वास कोंडला. खड्डा लालभडक भरला तेव्हा तिने घडे भरभरून पाणी ओतलं. आग किंचाळली आणि विझली. वाफ ओसरल्यावर खड्ड्यात काळा कोळसा होता, हलका, भोकाभोकांचा. तुकडे एकमेकांवर आपटले तर काचेसारखे किणकिणत.

इकडे राजाच्या बोटातली अंगठी गळून पडली होती आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

मंजुघोषेला धीर कुठला! तिने कोळसा कुटला, तसाच वाफ्यात मिसळला आणि मेथी पेरली. पाणी टिकलं. ती आनंदाने धावत आईकडे गेली. पण मेथीची पानं उगवली ती पिवळी, आणि मातीतून बारीक आवाज येऊ लागला: भूक, भूक, भूक. कोळशाच्या प्रत्येक भोकाला तोंड फुटलं होतं आणि ते मातीतला उरलासुरला कस गिळत होतं. मेथी मान टाकून मेली.

"तू आपल्याला घाईने मारशील," राणी म्हणाली. तिने तसं म्हणायला नको होतं, हे तिला म्हणताक्षणी कळलं. पण तोंडातून गेलं ते गेलं.

मंजुघोषेने ओंजळी-ओंजळीने कोळसा पुन्हा वर काढला. शेण, गोमूत्र आणि गूळ पिंपभर पाण्यात कालवून त्यात तो बुडवला, वर कुजलेला पालापाचोळा घातला, आणि पिंपाला कान लावून बसली. आत कोळसा खात होता. ती रोज येई, कान लावी. बाप आत खंगतोय आणि आपण कोळशाला जेवू घालतोय, हा विचार तिची पाठ सोडेना. पण तिने घाई केली नाही. अखेर एके सकाळी पिंप गप्प झालं. आत बोट घातलं तर गांडुळं वळवळत होती.

तो कोळसा मातीत गेला, आणि मातीने पाणी धरलं, खत धरलं, मुळं धरली. तिने काकडी लावली. वेल मांडवावर चढला, पिवळी फुलं आली. प्रत्येक मादी फुलामागं बोटाच्या पेरापेक्षा लहान काकडी. मंजुघोषा श्वास रोखून बघत राहिली. फूल मिटलं, चिमुकली काकडी पिवळी पडली, गळली. दुसरी गळली. सगळ्या गळल्या. एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारं कोणी नव्हतं.

मांडवावर एक वेडा राघू येऊन बसला. चिमणीएवढा पक्षी, हिरवा, बारीक शेपटीचा.

"माश्या कुठं आहेत, मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "मी त्या खातो."

"मग तुझ्यावर विश्वास कसा ठेवू?"

"जो खातो त्यालाच पत्ता ठाऊक असतो. त्या इथं आल्या की रोज थोड्या खाईन. कबूल?"

"नाही म्हटलं तर?"

"तरी खाईन. तू राजकन्या, म्हणून विचारलं."

मंजुघोषेने एक मडकं घेतलं, आतून जुनं मेण चोळलं, आणि राघूमागून डोंगर चढली. कड्याच्या कपारीशी माश्यांचा घोस लोंबत होता, काळासावळा, थरथरता. धूर केला असता तर त्या सहज हलल्या असत्या. पण तिने धूर केला नाही. तिने उघडा हात घोसाजवळ धरला. माश्या कोपरापर्यंत चढल्या. एक डसली, मग आणखी. तिने हात मागे घेतला नाही. तेवढ्यात लांब पोटाची राणीमाशी तिच्या तळहातावर आली.

"तुझ्या परसात आम्हाला काय आहे?" राणीमाशीने विचारलं.

"फुलं आहेत. माती पाणी धरते."

"आणि मध कोणाचा?"

"तुमचा. नगरातली सगळी परसं फुलेपर्यंत थेंबही घेणार नाही."

राणीमाशी मडक्यात शिरली. मागोमाग सारा घोस शिरला.

मडकं परसात आलं आणि माश्या कामाला लागल्या. पण राजा आता उठत नव्हता. वैद्य नाडी सोडून म्हणाला, "ताज्या पोळ्यातला मध चाटवला, तर थोडा काळ जीव तगेल कदाचित."

राजाने ते ऐकलं. "मंजू," तो म्हणाला, "थेंबभर. फक्त ओठांना लाव."

ती बाहेर धावली, कारण तिथं थांबली असती तर तिने हो म्हटलं असतं. मडक्यापाशी पाहते तो वैद्याचं ऐकून राणी पद्मरेखा आधीच सुरी घेऊन उभी. मंजुघोषा मध्ये शिरली.

"बाजूला हो."

"आई, अजून फुलं थोडी आहेत. मध काढला तर त्या उपाशी राहतील आणि उठून जातील."

"तो तुझा बाप आहे!"

"त्यांच्या देहात मधही टिकणार नाही. आणि मग काकडीही धरणार नाही."

"तुला हे नक्की ठाऊक आहे?"

मंजुघोषेने पाय रोवले. ती मडक्यापुढे हात पसरून तशीच उभी राहिली. आत माश्यांचा आवाज चढत होता. राणीने तिच्याकडे पाहिलं, सुरी मातीत फेकली आणि पाठ फिरवून आत गेली. त्यानंतर ती लेकीशी बोलली नाही.

मंजुघोषा वेलाशी बसून राहिली. एका फुलात एक माशी शिरली, पिवळी होऊन निघाली, दुसऱ्यात शिरली. ते दुसरं फूल मिटलं. मागची काकडी पिवळी पडते का, हे बघायची तिला भीती वाटे, आणि न बघायचीही. ती हिरवीच राहिली. फुगली. लांबली. आतून कोणी रडत येईल म्हणून तिचा एक कान सतत दाराकडे होता. काकडी बोटाएवढी झाली, मग वीतभर. तिने ती तोडली आणि धावली.

राजाला चावता येईना. तिने काकडी किसून, रस पिळून त्याच्या ओठांत सोडला. मग पाणी पाजलं. राणी, वैद्य, दासी, सगळे बघत राहिले. आजवर पाणी जाताच ओठ पुन्हा सुकत. या वेळी ते ओलेच राहिले. राजाच्या कपाळावर घाम आला. वैद्याने तो बोटाने टिपला आणि खाली बसून लहान मुलासारखा रडू लागला.

परसात सोनं आपणहून मातीत उतरलं आणि वर माती सपाट झाली. यक्षीण कोणाला दिसली नाही.

मंजुघोषेने काळा कोळसा कसा करायचा आणि कसा पोसायचा, हे दारोदार जाऊन सांगितलं. परसामागून परसं फुलली, पोळी दुभंगून नवी मडकी भरली, बाजारात पुन्हा मोठ्याने घासाघीस ऐकू आली. राजा हिंडूफिरू लागला. उद्याची धास्ती त्याची गेली नाही. पण आता ती वाटली की तो परसात जाऊन वेलांना आळी करी.

एका संध्याकाळी राणी मांडवाखाली लेकीशेजारी येऊन बसली.

"ते गेले असते तर?" राणीने विचारलं.

"ठाऊक नाही, आई. मला खात्री नव्हती. मी नुसती भीत होते."

"मीही," राणी म्हणाली, आणि तिने लेकीचा माश्यांच्या डंखांचे डाग उरलेला हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

तिथल्या फुलांना जशी फळं धरली, तशी ऐकणाऱ्यांच्या परसातही धरोत.