विसाजीचे बांधलेले हात

एकदा एका संपन्न नगराचे पाणी थांबले.

नगर डोंगराच्या पायथ्याशी होते. वरच्या तळ्यातून खापरी नळांनी पाणी येई आणि चौकाचौकांतल्या हौदांत पडे. तळ्याची दारे उघडायला राजाची माणसे होती, नळ साफ करायलाही राजाची माणसे होती. धान्य कोठारातून मिळे आणि पीठ बैलांच्या चक्कीवरून दळून येई. विस्तव लागला तर देवळाच्या धुनीवरून निखारा आणावा, अशी रीत होती. लोक कापड विणीत, रंगवीत, विकीत, आणि उरलेल्या वेळात गाणे ऐकत. परसातल्या विहिरी दोन पिढ्यांपासून केरकचऱ्याने बुजल्या होत्या. त्याचे कोणाला काही वाटत नसे, आणि खरे सांगायचे तर वाटण्यासारखे काही घडलेही नव्हते.

मग राजा वारला. दोघे पुत्र गादीसाठी भांडले, सैन्य दुभंगले आणि राजाची माणसे आपापल्या गावी निघून गेली. वाटा धोक्याच्या झाल्या तशा धान्याच्या गाड्या येईनाशा झाल्या. एका रात्रीत कोणीतरी तळ्याचा बांध फोडला. धुनी सांभाळणारा पुजारीही कुटुंबकबिल्यासह निघून गेला. महिन्याभरात नगर निम्मे ओस पडले. ज्यांना जायला दुसरे गाव नव्हते, अशी शे-दीडशे घरे तेवढी मागे राहिली.

डोंगराच्या माथ्यावर एक वृद्ध आचार्य राहत. त्यांच्याकडे शास्त्राबरोबर हातांच्या विद्याही शिकवल्या जात. विहीर उपसावी कशी, अंबाडीच्या वाखाचा दोर वळावा कसा, चकमक झाडून विस्तव कसा करावा, बियाणे राखेत घोळवून कसे टिकवावे, रानातले कोणते पान औषध आणि कोणते विष. नगरातले लोक या शिक्षणाला हसत. राजाच्या राज्यात दोर वळायला शिकायचे म्हणजे काय!

विसाजी हा आचार्यांचा सर्वांत तयार शिष्य. बारा वर्षे तो तिथे होता आणि त्याचे हात इतके सराईत झाले होते की काम करताना त्याला त्यांच्याकडे पाहावे लागत नसे.

आचार्य त्याला म्हणाले, "खाली जा, विसाजी. त्या माणसांना जगता येईल असं कर."

विसाजी गेला, आणि त्याने पराकाष्ठा केली. कंबरेला दोर बांधून तो रंगाऱ्यांच्या आळीतल्या विहिरीत उतरला आणि सहा दिवसांत त्याने ती एकट्याने उपसली. पाणी लागले तेव्हा वर उभी असलेली माणसे रडली. त्याने दोर वळला, रहाट बसवला. घरोघर चुली पेटवून दिल्या. निवळीचे बी उगाळून गढूळ पाणी नितळ केले आणि ते उकळायला लावले. माळ्यांवर पडलेली जाती खाली आणून त्यांच्या झिजलेल्या दगडांना छिन्नीने टाकी घालून दिली. हिवाळी पिकासाठी परसात वाफे केले आणि हरभरा स्वतःच्या हाताने पेरला.

तीन आठवडे लोटले. आता नगरात दिवसभर एकच हाक ऐकू येई: "विसाजीला बोलवा!" चूल विझली, विसाजीला बोलवा. दोर झिजला, विसाजीला बोलवा. मुलाला खोकला झाला, विसाजीला बोलवा. तो धावत असे. बायका त्याची दृष्ट काढून कानशिलांवर बोटे मोडीत, म्हातारे त्याच्या पाया पडू लागत आणि तो संकोचाने मागे सरे. पूर्वी कापडाची सगळ्यांत मोठी पेढी असलेले रेवाशेट त्याला म्हणाले, "माझ्या घराचा वरचा मजला तुमचा. तुम्ही आता कुठे जायचं नाही." विसाजी दमत होता, पण त्या दमण्यात त्याला एक गोडी लागली होती. आपण नसतो तर ही माणसे जगली नसती, असे त्याच्या मनात येई. ते खरेही होते.

एके दिवशी सकाळी आचार्य काठी टेकीत खाली आले. दिवसभर ते कोणाशी फारसे बोलले नाहीत, नुसते आळीतून हिंडले. एका घरात साळूबाई नावाची वृद्ध रंगारीण थंड चुलीपाशी बसलेली त्यांना दिसली. शेजारी तिची सात वर्षांची नात चंपी कोरडे पोहे चावीत होती. चुलीजवळ लाकडे रचलेली होती. कोनाड्यात चकमक होती, कापूस होता.

"चूल पेटवली नाही, बाई?" आचार्यांनी विचारले.

"विसाजी यायचाय ना," साळूबाई म्हणाली. "सकाळीच निरोप धाडलाय. येईल एवढ्यात."

दुपार कलली होती.

दुसऱ्या दिवशी आचार्यांनी विसाजीला चौकात बोलावले. माणसे जमली. आचार्यांनी उपरण्याची लांब पट्टी फाडली, विसाजीचे दोन्ही हात मनगटापासून बोटांपर्यंत गुंडाळले आणि घट्ट गाठ मारली.

"पंधरा दिवस ही गाठ सुटता कामा नये," ते म्हणाले. "जीभ मोकळी आहे."

गर्दीत एकच गलका उठला. रेवाशेट पुढे आले. "महाराज, या पोरानं आम्हाला जगवलं. त्याला शिक्षा कसली देता? आणि शिक्षा त्याला नाही, ती आम्हाला होते आहे!"

"शिक्षा कोणालाच नाही," आचार्य म्हणाले आणि हौदाच्या कठड्यावर जाऊन बसले. त्याहून अधिक काही सांगायला ते तयार नव्हते.

त्याच दिवशी रहाटाचा दोर तुटला आणि बादली विहिरीत गेली. विसाजी धावला, कठड्यापाशी थबकला आणि आपल्या गुंडाळलेल्या हातांकडे पाहत राहिला. त्याला रडू येईल असे वाटले.

"शेटजी," तो चिडून ओरडला, "तो वाख घ्या! तीन पदर करा! प्रत्येकाला पीळ द्या आणि मग तिन्ही एकत्र वळा!"

रेवाशेटांनी आयुष्यात स्वतःचे पागोटेही स्वतः बांधले नव्हते. त्यांनी वळलेला दोर हातात धरताच उलगडून पसरला. दुसराही उलगडला. त्या दिवशी लोकांनी तांब्या-तांब्या पाणी वाटून घेतले. काहींनी विसाजीकडे रागाने पाहिले, तर बहुतेकांनी आचार्यांकडे.

दुसऱ्या दिवशी विसाजीचा आवाज खाली आला. आपला हात नेमके काय करतो, हे त्याने डोळे मिटून आठवले. इतकी वर्षे हात करीत होता, आपण कधी पाहिलेच नव्हते, हे त्याला कळले. "शेटजी," तो म्हणाला, "एकेका पदराला पीळ उजवीकडे द्या. तिन्ही पदर एकमेकांवर मात्र डावीकडे वळा. मग एक पीळ दुसऱ्याला सुटू देत नाही."

रेवाशेटांची बोटे थांबली. "अहो, हे तर दुपदरी सुतासारखंच!" ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी सुताचा पीळ बोटांनी पारखतोय." आणि संध्याकाळपर्यंत दोर तयार झाला. तो वेडावाकडा होता, पण त्याला गळ बांधून विहिरीत पडलेली बादली वर काढता आली. रेवाशेट रात्रीपर्यंत तो दोर लोकांना दाखवीत हिंडले.

पण पाण्याच्या त्या टंचाईत चंपी गुपचूप डबक्यातले पाणी प्यायली होती. तिसऱ्या दिवशी तिला जुलाब लागले, ताप चढला, डोळे खोल गेले. साळूबाई धावत चौकात आली. विसाजी आचार्यांपुढे गुडघ्यांवर बसला.

"गुरुजी, गाठ सोडा. पोर जाईल."

"तिला काय द्यायचं, ते तुला ठाऊक आहे की नाही?"

"आहे."

"मग ते तुझ्या हातांना ठाऊक आहे की तुला?"

विसाजी उठला आणि साळूबाईच्या घरी गेला. "मावशी, पाणी खळखळ उकळा. त्यात तांदूळ शिजवा, पातळ पेज करा. थोडं मीठ घाला. डाळिंबाची साल उकळून द्या, बेताची."

साळूबाई फणकारली. "थोडं म्हणजे किती? बेताची म्हणजे किती? तुझ्या हाताला अंदाज आहे लेका, माझ्या नाही. नीट सांग, माझी पोर चालली आहे!"

बारा वर्षांत विसाजीने 'थोडं' हा शब्द कधी उलगडून पाहिला नव्हता. तो मनातल्या मनात आपली चिमूट मोजू लागला. "तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ, एका तांब्याला. आसवाइतकं खारट लागलं पाहिजे, त्याहून जास्त नको. चाखून बघा. साल तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी, दोन वाट्या पाण्यात, एक वाटी उरेपर्यंत. आणि पेज एकदम पाजू नका. चमचा-चमचा, ओकली तरी पुन्हा चमचा."

साळूबाईने तसे केले. शेजारणी उंबऱ्यापाशी येऊन ऐकू लागल्या. एकीने पेज चाखून पाहिली, दुसरीने ते माप परत परत म्हणून घेतले. दोन दिवस साळूबाई चमचा खाली ठेवेना. विसाजी शेजारी बसून राही. त्यालाही कोणीतरी घास भरवीत होते. जेवण्यासाठी दुसऱ्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे तो पहिल्यांदाच अनुभवत होता. आचार्य अंगणात बसून होते. त्यांनीही त्या दोन दिवसांत अन्नाला हात लावला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी चंपीने डोळे उघडले आणि गूळ मागितला.

पुढच्या दहा दिवसांत बरेच बिघडले. एका घरात चुलीची ठिणगी उडून गवताची गंजी जळाली. एका वाफ्यातला हरभरा जास्त पाण्याने कुजला. पण दुसऱ्या आळीतली विहीर वीस जणांनी मिळून चार दिवसांत उपसली, आणि वाख आधी ओला करून वळला तर दोर जास्त टिकतो, हे रेवाशेटांनी विसाजीला शिकवले.

सोळाव्या दिवशी आचार्यांनी चौकात गाठ सोडली. विसाजीची बोटे पांढरी पडली होती. तो हलकेच म्हणाला, "गुरुजी, चंपी गेली असती तर?"

"त्या दोन दिवसांत माझा हात कितीदा तुझ्या गाठीकडे गेला, ते मला विचारू नकोस," आचार्य म्हणाले. "ती आणखी खालावली असती, तर मी गाठ सोडली असती. मी काही दगड नव्हे."

मग ते सर्वांना ऐकू जाईल असे बोलले. "हे नगर कशानं पडलं? राजा गेला म्हणून नाही. राजे येतात, जातात. ते पडलं, कारण दोन पिढ्यांत इथल्या माणसांना एकच विद्या उरली होती: कोणाला तरी बोलावण्याची. विसाजी, तू पाणी आणलंस, विस्तव आणलास, आणि न कळत तीच विद्या त्यांना पुन्हा शिकवलीस. पूर्वी ते राजाच्या माणसाला हाक मारीत, आता तुला मारीत होते. उद्या तू तापानं पडला असतास, तर या नगराचं पाणी दुसऱ्यांदा थांबलं असतं. आपल्या हातात असलेली विद्या ही फक्त निम्मी विद्या असते. ती दुसऱ्याच्या हातात उतरली की पुरी होते. आणि ती उतरवायची तर कधी कधी आपले हात आवरावे लागतात. समोरचा चुकत असताना ते आवरणं सगळ्यांत कठीण."

विसाजीने मान खाली घातली. "मला त्यांच्या हाकेची गोडी लागली होती," तो म्हणाला.

"लागतेच," आचार्य म्हणाले आणि काठी घेऊन डोंगराच्या वाटेला लागले.

महिन्याभराने नदीपलीकडच्या वस्तीतला एक माणूस धापा टाकीत चौकात आला. तिकडची विहीर ढासळली होती, लोक गाळाचे पाणी पीत होते. "इथं विहिरीतलं कोणाला कळतं?" त्याने विचारले.

विसाजी पुढे व्हायला उठला. पण त्याच्याआधी साळूबाईच उठली होती. रेवाशेटांनी दोराची वेटोळी खांद्यावर टाकली. आणखी पाच-सहा जणांनी फावडी घेतली.

"मी येऊ?" विसाजीने विचारले.

"तू नको," साळूबाई हसून म्हणाली. "तू आलास की आम्ही तुझ्या तोंडाकडे बघत बसतो. आणि तिथली माणसंही बसतील. त्यांचं त्यांना करू दे, आम्ही नुसतं सांगू."

ती मंडळी बोलत बोलत नदीकडे निघाली. पाण्याची पातळी कशी पाहायची, यावर त्यांचा वाद चालला होता. विसाजी ती दिसेनाशी होईपर्यंत चौकात उभा राहिला. त्यांच्यापैकी कोणीही मागे वळून पाहिले नाही. ते आधी त्याच्या मनाला लागले; आणि मग, बऱ्याच वेळाने, बरे वाटले.