कीबोर्डाची पालखी

"दरबारातून हलायचा नाही आणि सवारीत माझ्या मांडीवरही दिसायचा! असा संगणक आणलास तर तुझ्या बापाची गुरवकी राहील. नाहीतर परवा देऊळही सोडा आणि घरही!"

डोंगरवेढ्याचे रणधीरराव महाराज गरजले, आणि शिदोबा गुरवाची लेक म्हाळसा समोर उभी होती. बाप बिचारा मागे हात जोडून उभा होता.

अपराध काय तर त्याने नारळ दिला!

झालं होतं असं. महाराजांना संगणक हवा होता. दिवाणजींनी महागातला लॅपटॉप सुचवला. तो नेमका त्यांच्या मेहुण्याच्याच दुकानात निघाला, आणि संगणकासाठी काढलेली बहुतेक थैली तिथेच रिकामी झाली. आता या संस्थानात नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची नाही, मग ती तोफ असो की लोणच्याची बरणी. महाराजांनी लॅपटॉपवर मूठभर हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि त्याच्यापुढे दणकून नारळ फोडला. पाणी थेट बटणांत! लॅपटॉप एकदा लुकलुकला आणि कायमचा झोपला.

"याचं सगळं एकाच अंगात असतं, महाराज," मेहुणा हात चोळत म्हणाला. "दुरुस्त कसला करता? नवाच घ्या!"

महाराजांची चूक कशी असेल? म्हणून ती नारळ देणाऱ्याची ठरली.

म्हाळसाने विचारलं, "महाराज, पैसे किती मिळतील?"

"थैलीत उरलेत तेवढेच. आणि ऐक, पूजा मी करणारच!"

दिवाणजी मिशीत हसले. एवढ्या पैशांत पोरगी काय आणणार, कपाळ!

म्हाळसा शहरात गेली. दुकानदारांनी तिला चकचकीत लॅपटॉप दाखवून भंडावून सोडलं. तिने एकालाही हात लावला नाही. संध्याकाळी ती बैलगाडीतून एक जुना पण धडधाकट डेस्कटॉप घेऊन आली, आणि सोबत दोन स्वस्तातले कीबोर्ड.

"पोरी, हा डबा पालखीत कसा मावायचा गं?" शिदोबाने डोक्याला हात लावला.

"बाबा, तुम्ही फक्त नारळ मोठा बघून आणा."

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. म्हाळसाने डबा मेजाखाली सरकवला, पडदा वर मांडला, आणि कीबोर्ड तेवढा पुढे चौरंगावर ठेवला. महाराजांनी हळदकुंकू उधळलं, नारळ फोडला. कीबोर्ड न्हाऊन निघाला!

"मेला! हाही मेला!" दिवाणजी आनंदाने ओरडले.

म्हाळसाने शांतपणे भिजलेला कीबोर्ड काढला आणि दुसरा जोडला. पडद्यावर अक्षरं उमटली!

महाराजांचे डोळे विस्फारले. "हे गं कसं?"

"गुरवाची पोर आहे मी, महाराज. मूळ देव गाभाऱ्यातून हलत नाही, अभिषेकाला उत्सवमूर्ती पुढे असते. डबा गाभाऱ्यात ठेवला आणि पूजा कीबोर्डाने सोसली."

"आणि सवारीचं काय?" दिवाणजी फिसकारले. "मांडीवर दिसायला हवा, असा हुकूम आहे!"

"उत्सवमूर्तीच पालखीत बसते, दिवाणजी." तिने भिजलेला कीबोर्ड पुसून महाराजांच्या हाती दिला.

सवारी निघाली. पालखीत महाराज टकाटक बोटं आपटत होते. रस्त्यात माणसं माना उंचावून बघत होती. "बघा बघा, चालत्या पालखीत राज्यकारभार!" महाराज परतले ते फुगूनच.

दिवाणजी वाटच बघत होते. "महाराज, घोर फसवणूक! तो कीबोर्ड कशालाच जोडलेला नव्हता!"

महाराजांचा चेहरा लालबुंद झाला. शिदोबाने तर मनातल्या मनात घरातली भांडी बांधायला घेतली. म्हाळसाची मान मात्र खाली गेली नाही.

"महाराज, सवारीत काय लिहिलंत?"

"लिहिलं? ... अं... काही नाही. नुसती बोटं आपटली."

"आणि लोकांनी काय केलं?"

"मुजरे केले! वाहवा केली!"

"मग लॅपटॉप असता तर आणखी काय झालं असतं?"

महाराजांनी मांडीवर थाप मारली. आणि मग असे खो खो हसू लागले की मुकुट कानावर आला!

"काहीच नाही गं पोरी! फक्त दिवाणजींच्या मेहुण्याला बंगला झाला असता!"

शिदोबाची गुरवकी पिढ्यान्‌पिढ्यांसाठी कायम झाली. थैलीत उरलं होतं ते म्हाळसाला मिळालं, वर महाराजांच्या हातातलं सोन्याचं कडं. मेहुण्याला लॅपटॉपचे पैसे परत करावे लागले.

"आणि महाराज, उत्सवमूर्तीवर सावलीला अब्दागिरी धरायला कुणीतरी हवं," म्हाळसा हळूच म्हणाली.

महाराजांनी नुसतं दिवाणजींकडे बघितलं.

पुढच्या सवारीत मांडीवरच्या कीबोर्डावर अब्दागिरी धरून, घाम पुसत, दिवाणजी पालखीशेजारून धावत होते.