दगडूचे घर कोणते?

एकदा एक शिष्य गुरूंना न विचारताच विद्वान झाला. गुरू एका जुन्या दप्तरखान्याचे प्रमुख होते. त्यांचे उभे आयुष्य कागदांवरची धूळ झटकण्यात गेले होते. शिष्याच्या काळात ती धूळ उरली नाही. सगळे कागद संगणकात चढले. पडद्यावर एक चौकोन येतो, त्यात नाव टाकायचे, की शंभर वर्षांपूर्वीचा माणूस हात जोडून समोर उभा. निदान शिष्याला तसे वाटे.

एके दिवशी त्याने त्या चौकोनात ‘दगडू’ हे नाव टाकले. करंजवाडीच्या शाळेच्या दारात या नावाची एक शिळा होती. परकीय अमलात हा दगडू भूमिगत कार्यकर्त्यांना आपल्या मळ्यात लपवून ठेवी, असे गाव मानत आले होते. शिष्याला त्यावर लेख लिहायचा होता. संगणकाने ढीगभर दगडू पुढे टाकले. शिष्याने गाव घातले, वय घातले आणि गाळत गाळत तो एका ओळीवर आला. पोलिसांचे जुने टिपण होते ते: ‘दगडू, राहणार करंजवाडी, वय अदमासे पंचवीस, याने खबर दिल्यावरून इसम पकडले.’ आडनाव नव्हते, बापाचे नाव नव्हते. पण नाव जुळले, गाव जुळले, वय जुळले. आणखी काय हवे?

त्याने वर्तमानपत्रात लिहून टाकले, की ज्याला गाव वीर म्हणते तो फितूर होता. मथळा चांगला जाड होता. गुरूंनी तो सगळ्या जगाबरोबरच सकाळी चहा पिताना वाचला.

आमच्या पेठेत एकदा मिरचीची पोती नुसत्या ‘पोपटशेठ’ या नावावर आली आणि हमालांनी ती मिठाईवाल्या पोपटशेठच्या दारात उतरवली. त्याने शिंकत शिंकत ती परत पाठवली, दोन्ही पोपटशेठनी एकमेकांना चार शब्द सुनावले, विषय संपला. पोते माघारी जाते. छापलेला शब्द जात नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट सांगताना आजही माझे डोके तापते.

लेख आला आणि करंजवाडीत ती शिळा उखडून टाकण्यासाठी ग्रामसभा बोलावली गेली. सभेच्या दोन दिवस आधी ऐंशीच्या घरातली एक म्हातारी दप्तरखान्यात आली. ती त्या दगडूची लेक, हौसाबाई. पाणीही न घेता तिने विचारले, “लिवणारा कोन?”

शिष्य पुढे झाला. नम्रपणे म्हणाला, “आजी, मला वाईट वाटतं. पण मी बोलत नाही, कागद बोलतोय.”

“कागदाला तोंड हाय व्हय? बोल्लास तू.”

“नाव, गाव, वय, तिन्ही जुळतं आजी.”

“माझ्या बाला बघितलावतास का तू? त्यो ताकातली माशी काढताना बी हळू काढायचा, ती मरंल म्हनून. त्यो मानसं धरून देईल?”

शिष्य म्हणाला, “हा पुरावा होत नाही.”

शेजारच्या मेजावरून हे सारे ऐकणारे गुरू तेव्हा बोलले. “खरं आहे, होत नाही. आता असं कर. उद्या करंजवाडीला जा. या आजींचं घर सोड, तिथे तू आधीच सांगून बसलायस. थांब्यावर उतर, दगडूचं घर कोणतं म्हणून विचार. जे घर दाखवतील तिथे आत जा आणि तोंडावर सांग, की तुमचा माणूस फितूर होता. सांगितल्याशिवाय परत येऊ नकोस.”

हौसाबाई उसळली. “म्हातारबा, छापून भागलं न्हाई, आता घरोघर दवंडी पिटायची?”

“आजी, मला उद्याचा दिवस द्या,” एवढेच गुरू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शिष्य करंजवाडीत उतरला. थांब्यावर एक वयस्क गृहस्थ तंबाखू मळत बसले होते. दगडूचे घर विचारताच ते म्हणाले, “कुठला दगडू?”

“आज असते तर शंभरी ओलांडली असती, ते.”

गृहस्थ हसले. “मग तर आख्खी आळीच म्हना की. पावनं, त्या सालांत तापाची साथ आलीवती. पाळणं रिकामं झालं. मग जे पोर जगलं त्याचं नाव दगडू ठिवायचं, उकिरड्यावर लोळवायचं, नाक टोचायचं. म्हंजी मरनाची नजर त्याच्यावरनं घसरावी, कसला दगडधोंडा हाय म्हनून. माझी आजी सांगायची, सांजचं एका बाईनं दगडू म्हनून हाळी दिली, की जेवायला निम्मी आळी यायची.”

त्यांनी हौसेने एक एक घर दाखवले. पहिल्या घरात एक शिक्षक होते. दप्तरखान्यातून पाहुणा आला म्हणताच त्यांनी खुर्ची पुसून दिली. “आमच्या पणजोबांचं काही सापडलं का हो? आमच्याकडे त्यांचा फोटोसुद्धा नाही.” शिष्याने तोंड उघडले आणि मिटले. दुसऱ्या घरात सून सासऱ्यांच्या तसबिरीचा हार बदलत होती. तिथेही त्याने चहा घेतला आणि उठला. तिसऱ्या घराच्या उंबऱ्याशीच तो थबकला. आतून कोणीतरी “या की” म्हणाले, तसा तो माघारी वळला.

परतल्यावर गुरूंनी विचारले, “सांगितलंस?”

“नाही.”

“का?”

“कोणाला सांगणार गुरुजी? त्यातला कोण, हेच मला माहीत नव्हतं.”

“मग वर्तमानपत्राला कसं माहीत होतं?”

 गुरूंचा आवाज चढला. “तुला वाटलं, गाव घातलं, वय घातलं, चाळणी बारीक झाली. अरे, त्याच गावात, त्याच सालांत, त्या नावाची सर्वांत जास्त दाटी होती. तू जितका जवळ गेलास तितकी गर्दी वाढत गेली, आणि तुला एकच दिसला, कारण बाकीच्यांचा कागदच झाला नाही. गरिबाचा कागद होतो तो पोलिसाच्या हाती लागला तर. त्या आयांनी सगळ्या लेकरांना एकच नाव दिलं ते मृत्यूला ओळख पटू नये म्हणून. यमाला जे त्यांनी करू दिलं नाही, ते तू एका दुपारी करून मोकळा झालास?”

शिष्य हळूच म्हणाला, “पण गुरुजी, तो दगडू हौसाबाईंचा बाप नव्हता, हेही सिद्ध झालेलं नाही.”

“नाही झालेलं. आणि ते सिद्ध करायचं ओझं त्या म्हातारीच्या डोक्यावर ठेवणारा तू कोण? आरोप तुझा आहे. तो तू उचललास, तूच वाहा. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असं म्हणायला विद्वानाची जीभ का जड होते, ते मला या वयातही कळलेलं नाही.”

ग्रामसभेच्या दिवशी शाळेच्या पटांगणात पहारी आणून ठेवलेल्या होत्या. शिष्य उभा राहिला. “टिपणातला दगडू कोणता, मला माहीत नाही,” तो म्हणाला. “मला माहीत नसताना मी लिहिलं.”

मागून कोणीतरी विचारले, “मग आमी चार दिस कुनाला शिव्या दिल्या?”

कोणी हसले नाही. पहारी ज्याने आणल्या होत्या, त्यानेच त्या खांद्यावर टाकल्या आणि तो घरी गेला.

शिष्य हौसाबाईसमोर जाऊन उभा राहिला. तिने त्याला क्षमा केली, असे मी लिहिणार नाही, कारण तिने केली नाही. ती म्हणाली, “हितं पन्नास मानसं हुती. पेपर किती मानसं वाचत्यात?”

“हजारो, आजी.”

“मग हितं बोल्लास त्ये तितं बी लिव. आन् तवा अक्षर जेवढं मोठं हुतं, तेवढंच मोठं लिव.”

संपादक चौकटीत दोन ओळी द्यायला तयार होते. शिष्य त्यांच्या दारात बसून राहिला आणि उठला तो तेवढ्याच जाड मथळ्याचे वचन घेऊन. त्या मथळ्याखाली त्याने पाहिलेल्या एकेका घराविषयी लिहिले, आणि टिपणातला माणूस यांपैकी कोण, या प्रश्नापुढची जागा कोरी सोडली.

ती जागा अजून कोरी आहे. वाचकहो, नाव जुळले म्हणून ज्याला आपण दोषी धरून बसलो आहोत, अशा एखाद्यापुढे आपणही तेवढी जागा सोडावी.