पंगतीआधीची हाक

"शून्य? एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही, बुवा." डॉक्टर निकुंभांची छाती आधीच फुगलेली होती, ती आणखी दोन बोटं वर आली. "दोन वर्षं झाली. माझ्या तालुक्यातल्या कुठल्याही आरोग्य केंद्रात बाळंतपणात एकही बाई दगावलेली नाही."

नारबुवा ओसरीवर संध्याकाळचे तांदूळ निवडत होते. घाटाच्या पायथ्याचा हा त्यांचा मठ लहानसा. भालचंद्र निकुंभ शाळेत असताना पाच वर्षं इथेच राहिला, इथलंच जेवला. आता तो तालुक्याचा आरोग्य अधिकारी होता. सत्कारात मिळालेलं पितळी मानचिन्ह त्यानं बुवांच्या पायाशी ठेवलं होतं. उद्या राजधानीत मोठ्या साहेबांपुढे त्याला आपली पद्धत समजावून सांगायची होती. त्यांना पटली की ती साऱ्या राज्याला लागू होणार होती. म्हणून तो आशीर्वाद घ्यायला आला होता. खरं सांगायचं तर पाठ थोपटून घ्यायला आला होता.

"केलंस काय एवढं?"

"पूर्वी वरून विचारायचे, खाटा किती घेतल्या, गाडीच्या फेऱ्या किती झाल्या. कागद भरले की सगळे खूश. मी म्हटलं, ते राहू द्या. निष्पन्न काय झालं तेवढं सांगा. ज्या केंद्रात बाई दगावली, त्या डॉक्टरची बढती थांबली. जिथे शून्य, तिथे सत्कार."

"बरोबर आहे," बुवा म्हणाले. "भात शिजला का, हेच विचारावं. सरपण किती जाळलं ते विचारून कुणाचं पोट भरतं?"

निकुंभ खुलला.

"आणि ज्यांचं अवघड असेल, त्या बायका?"

"त्यांना पुढे पाठवतो. जिल्ह्याच्या दवाखान्यात."

"लांब आहे."

"ऐंशी किलोमीटर."

"मधे हा घाट."

"...हो."

बुवांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

आत घंटा झाली. पंगतीची वेळ. मठाची रीत जुनी आहे. पानं वाढली की कुणीतरी दारात जाऊन तीनदा हाक द्यायची, कोणी उपाशी आहे का? कोणी आलं तर त्याचं पान आधी. हाक झाल्याशिवाय इथे बुवासुद्धा घास घेत नाहीत. शाळेत असताना ती हाक भालूचीच असायची. घाटातले गुराखी त्याच्या आवाजावर दुपार ओळखायचे.

"आज तू दे हाक," बुवा म्हणाले.

निकुंभ हौसेनं उठला.

"थांब. आधी दार लाव."

"दार?"

मठाचं दार लावलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. बिजागऱ्या गंजल्या होत्या. खांदा लावून ढकललं तेव्हा कुठे ते बसलं.

"अडसर घाल... हं. आता तोंड इकडे कर. दे हाक."

त्याला हसू आलं. म्हाताऱ्या माणसांच्या लहरी! तरी त्यानं हाक दिली. "कोणी उपाशी आहे काऽ?" एकदा. दोनदा. तीनदा.

पानांवर बसलेली सात-आठ माणसं त्याच्याकडे बघत राहिली.

"किती निघाले?" बुवांनी विचारलं.

"शून्य," निकुंभ म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि हसू जागच्या जागी विरलं.



"माघात तुझ्या केंद्राची गाडी इथे थांबली होती," बुवा म्हणाले. "पाणी मागायला. बाळ याच ओसरीवर झालं. बाई नाही राहिली. इंदली वळवी."

नाव सांगायची गरज नव्हती. त्या दुपारी केंद्रातल्या नर्सचा फोन त्यानंच घेतला होता. "साहेब, बाळाचं डोकं दिसायला लागलंय. रक्त जातंय. आत्ता हलवण्यासारखी नाही ही, मी इथेच सोडवते." आणि तो म्हणाला होता, "तिथे काही झालं तर तुमच्या नावावर जाईल, सिस्टर. गाडीत घाला तिला."

केंद्राच्या कागदावर इंदली 'पुढे पाठवली' होती. जिल्ह्याच्या दवाखान्यानं 'येण्याआधीच मृत' असं लिहून हात वर केले. दोन्हीकडचं शून्य शाबूत राहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची! अहवालावर सही करताना निकुंभाचा हात जरा थांबला होता, एवढंच. मग चहा आला, आणि त्यानं सही करून टाकली. घाटात अशा आणखी किती, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. तो रकानाच त्यानं ठेवला नव्हता.

आता मात्र त्याला लाज वाटली. ज्या ओसरीवर तो मघापासून स्वतःचं कौतुक सांगत बसला होता, तिच्याकडे त्याला बघवेना.

"तुम्हाला ठाऊक होतं, बुवा. आणि मी एवढा वेळ..."

"तू सांगत होतास. मी ऐकत होतो."

निकुंभानं मानचिन्ह उचललं. कुठे ठेवावं कळेना. शेवटी पालथं करून भिंतीशी सरकवलं.

"उद्या मी तिथे काय सांगू?"

बुवांनी पंगतीकडे पाहिलं. पानांवरचा भात निवत चालला होता. कुणी पानाला हात लावला नव्हता.

"हाक अजून झालेली नाही, भालू."

तो उठला. अडसर काढला. दार पुन्हा अडलं, पुन्हा खांदा लावावा लागला. बाहेर ऊन होतं, आणि घाटाचा रिकामा रस्ता वळणं घेत वर चढत गेला होता. उंबऱ्यावर उभं राहून त्यानं तोंड उघडलं.

"कोणी..."

पुढचे शब्द कसेबसे अंगणापर्यंत पोचले.

"मोठ्यानं," मागून बुवा म्हणाले. "घाटात ऐकू जायला हवी."