धाकूचा सोयरा

फार वर्षांपूर्वी, वेळणवाडीला बोटींचा धक्का नव्हता आणि समुद्राला अजून माणसांची सवय व्हायची होती, तेव्हा तिथे धाकू तारी नावाचा एक मासेमार राहत होता. माणूस लाखात एक, पण तोंडाला खळ म्हणून नव्हता. जेवताना बोले, झोपेत बोले, आणि ऐकायला कुणी नसलं तर माडाशी बोले.

वाडीतली बाकीची माणसं मिळून रापण ओढत. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं; त्याला सगळ्यांचे पाय एका तालात पडावे लागतात. धाकूनं गोष्ट सुरू केली की ओढणारे हसत, ताल चुके आणि मासे जाळ्याखालून आपापल्या घरी जात. शेवटी मंडळींनी हात जोडले. मग धाकूनं एका खोडात एकट्यापुरती होडी कोरली आणि गळ घेऊन तो खोल पाण्यात एकटाच जाऊ लागला.

मासे त्याच्या गळाला धावून येत. त्याच्या गप्पा ऐकायलाच येत, असं म्हणतात. पण मासा लागला, दोर ताणला, धाकू ओढू लागला, की मध्येच खालून हिसका बसे आणि दोर एकदम हलका होई. वर येई ते नुसतं मुंडकं. मागचा मासा सुरीनं कापावा तसा नाहीसा! कुणी म्हणे मुशी असेल, कुणी म्हणे तोणकी; दोन्ही तीक्ष्ण दातांचे मासे. धाकूनं कितीदा वाकून पाहिलं, पण ते दातवालं कोण आहे ते त्याला कधी दिसलं नाही.

सुरुवातीला त्यानं पाण्याला शिव्यांची लाखोली वाहिली. घरी आला तर त्याची बायको भागू मुंडकी धुता धुता म्हणाली, "रागावतास कित्याक? तेकाय पोट आसा." तिनं तिरफळं घालून त्या मुंडक्यांचं कालवण केलं. ते असं काही उतरलं की शेजारी वाडगे घेऊन दारात उभे राहिले. तेव्हापासून धाकूचा राग निवला. पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, लोक चेष्टा करत, "धाकू, अर्धेच मासे गळाक लावतंस काय रे?" तो हसून म्हणे, "वरचा माका, खालचा तेका. आमचा तसाच ठरला हा."

आणि खरं सांगायचं तर त्याला तो खालचा आवडू लागला होता. घरची सगळी सुखदुःखं धाकू पाण्यावर वाकून सांगे. लेकीला, शेवंतीला, पहिला दात आला तोही त्यानं आधी तिथेच सांगितला. त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं दुसरं होतं तरी कोण?

शेवंती मोठी झाली. खाडीपलीकडच्या गावात तिचं लग्न ठरलं, आणि मुलगा तिला मनापासून आवडला होता. त्या काळची रीत अशी, की मुलीच्या बापानं स्वतः धरलेला अख्खा मासा वरपक्षापुढे ठेवायचा, तरच अक्षता पडायच्या. धाकूची कीर्ती खाडीपार गेलेलीच होती. नवऱ्या मुलाची आजी ठसक्यात म्हणाली, "मासो अख्खो नाय, तर आमचा वऱ्हाड पाठी फिरतला!"

रापणवाल्यांनी हळूच सुचवलं, आमच्यातला एक मासा तुझ्या होडीत टाकतो, कुणाला कळणार आहे? पण धाकूच्या तोंडात तीळ भिजत नसे. आजीला ते त्यानंच सर्वांत आधी सांगितलं असतं.

तो रोज समुद्रात गेला. रोज मुंडकी! लग्न उद्यावर आलं. शेवंती होडी ढकलायला पाण्यापर्यंत आली. तिच्या हातावरची हळद पाहून धाकूला गलबलून आलं. त्या दिवशी तो वाटेत एक अक्षरही बोलला नाही.

भर दुपारी आणखी एक मुंडकं वर आलं. धाकूनं हताश होऊन पान खायला कमरेची चंची उघडली, तर तळाशी आमंत्रणातल्या उरलेल्या अक्षता. त्यानं कपाळावर हात मारला. देवीला अक्षत दिली, गावाला दिली, वाटेवरच्या वडालासुद्धा दिली. आणि ज्याच्याबरोबर जन्मभर एका माशात जेवलो, तोच राहिला? सोयराच तो, रुसणार नाही तर काय करणार!

धाकूनं अक्षता आणि सुपारी पाण्यात सोडली आणि हात जोडले. "मी चुकलंय. गावभर अक्षत दिलंय आणि तुमका तेवढा इसारलंय. माझ्या शेवंतीचा लगीन आसा. घरातल्या सगळ्यांका घेऊन येवा."

मग त्यानं पुन्हा गळ टाकला आणि दोर ताणला गेला. हिसका नाही, झटापट नाही. होडीएवढी लांब इसवण, म्हणजे सुरमई, सावकाश वर आली, शेपटीपर्यंत अख्खी. तिच्या अंगावर दातांच्या खुणा होत्या, पण एकही दात रुतला नव्हता. मांजर पिल्लाला उचलतं तसं कुणीतरी तिला आणून दिलं होतं, असं म्हणतात.

आजीनं मासा उलटापालटा करून पाहिला आणि मुकाट्यानं मुंडावळ्या मागवल्या. अक्षता पडल्या तेव्हा खाडीच्या तोंडाशी पाणी उंच फुगलं आणि तिथेच थांबलं. धाकू इसवणीचं डोकं घेऊन गुडघाभर पाण्यात गेला. "आज मुंडक्याचो मान तुमचो," म्हणाला, आणि रडला.

पुढे धाकू थकला, तरी समुद्रावर जायचा थांबला नाही. एके दिवशी तो वेळेवर परतला नाही. भागू पुळणीवर उभी राहिली. मग सगळ्यांनी पाहिलं: वल्हं आत पडलेलं, शीड नाही, वारा नाही, आणि होडी भर ओहोटीत किनाऱ्याकडे येत होती. पुढचा दोर पाण्यात ताठ होता. होडी वाळूला लागली तसा तो सैल पडला. आत धाकू झोपल्यासारखा होता, अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. भागूनं त्याचे गार हात हातात घेतले आणि समुद्राकडे पाहून म्हणाली, "बघा, अख्खे आणून दिल्यान."

वेळणवाडीत अजूनही लग्नाची पहिली अक्षत पाण्यात सोडतात आणि माशाचं डोकं पाहुण्याला वाढतात. गळाला अर्धा मासा आला तर कुणी शिवी देत नाही. "धाकूचो सोयरो जेवलो," म्हणतात आणि पुन्हा गळ टाकतात. आणि एकटा माणूस खोल पाण्यात गेला, की वाकून घरचं काहीबाही सांगतो. खाली ऐकणारं कुणीतरी आहे, असं म्हणतात.