नसलेल्या नागाचं सुतक

कराडच्या वाचनालयात ऋजुता खरमाटेच्या पहिल्याच कादंबरीवर चर्चा रंगली होती. पंखवाल्या नागाची ती अद्भुतकथा कुणाला लांबलेली वाटली, तर कुणाला अपुरी. मग शेवटचा शब्द आपलाच, अशा थाटात अध्यक्ष प्राध्यापक गोंधळेकर उठले. "असा नाग जगात नाही. जो नाहीच, त्याच्यावर सहाशे पानं? हा निव्वळ पोरखेळ आहे."

ऋजुताने शांतपणे विचारलं, "सर, शेवटपर्यंत वाचलंत?"

"वाचलं की. त्या बिचाऱ्या नागाला मारल्यावाचून तुमचं काय अडलं होतं? दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही."

ऋजुताची मान ताठ झाली. "सर, जो नाहीच, त्याचं सुतक तुम्ही दोन दिवस पाळलंत. आणखी काय लिहायला हवं होतं मी?"