चंदन आणि तीन दवंड्या

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा बातम्या कागदावर नव्हे, हलगीवर यायच्या.

एका गावात दोन भाऊ राहत होते. आईबाप गेल्यावर थोरल्याने वाट्याची सगळी पुंजी माळावर चंदनाची रोपं लावण्यात घातली. प्रत्येक रोपाशेजारी त्याने तूर पेरली. लोक हसले, तेव्हा तो म्हणाला, "चंदन एकटं वाढत नाही. शेजारच्याची मुळं धरून वाढतं." आणि त्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला.

वर्षं गेली. झाडं उंच झाली, पण थोरल्याला खोकल्याने धरलं.

एका सकाळी दवंडी आली. "ऐका हो ऐका! राणीसाहेबांना चंदनाचा पलंग हवा! आज चंदन आणील त्याला मागेल ते!"

धाकट्याला एकदम आशा वाटली. दादाला राजवैद्याकडे नेता येईल! दादा तेव्हा झोपला होता. रात्रभर खोकून त्याचा नुकता डोळा लागला होता. 'झोपमोड कशाला?' असं म्हणून धाकट्याने कुऱ्हाड उचलली आणि दुपारपर्यंत माळ मोकळा केला.

ओंडक्यांनी भरलेली बैलगाडी नदीपार गेली, तोच दुसरी दवंडी. "राणीसाहेबांना चंदनाने शिंका येतात हो! आता शिसव हवं!"

राजधानीच्या वेशीत तिसरी. "पलंगच नको हो! राणीसाहेब माहेरी गेल्या!"

तरी धाकटा वाड्याच्या कोठारात गेला. कोठाऱ्याने ओंडक्याला नाक लावलं.

"याला वास कुठाय रे?"

"चंदन आहे, महाराज."

"आतून पांढरं आहे, लेका. चंदन व्हायचं होतं अजून. हे सरपण झालं."

शेवटी एका हलवायाने ती गाडी भट्टीसाठी घेतली. मोबदल्यात द्रोणभर जिलबी दिली, आणि वर म्हणाला, "भाऊ, पुन्हा सरपण असलं तर इकडेच या."

संध्याकाळी धाकट्याने द्रोण दादापुढे ठेवला आणि मान खाली घातली. थोरल्याने उघड्या माळाकडे बराच वेळ पाहिलं. मग जिलबीचा तुकडा मोडला.

"महाग आहे, पण कुरकुरीत आहे."

"दादा, तुझी झोपमोड नको म्हणून…"

"वेड्या, अशा वेळी हलवून उठवायचं असतं."

धाकट्याला शिव्या हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत.

त्याच थंडीत थोरला गेला. त्या गावात चितेवर पाठच्या भावाने चंदनाचा तुकडा ठेवायची रीत होती. धाकटा माळावर धावला. एकही झाड नव्हतं. त्याने एक खुंट हातांनी उकरला, मूळ ओढून तोडलं आणि नाकाशी धरलं.

मुळाला वास येत होता. बारीकसा, नुकता सुरू झालेला.

तो तिथेच मातीत बसून ओक्साबोक्शी रडला. मग ते मूळ त्याने दादाच्या छातीवर ठेवलं.

पुढे त्याने माळावर पुन्हा चंदन लावलं, शेजारी तूर पेरली. हलगी वाजली की गाव धावे. तो मात्र रोपांना पाणी घालत राही. झाडं मोठी झाली, सुगंधी झाली. पण तो वास ज्याला दाखवायचा, तो आता नव्हता.

तात्पर्य : वर्षानुवर्षं जपलेलं एका दिवसाच्या बातमीवर तोडू नये, आणि ज्याने लावलं, त्याला विचारल्याशिवाय तर कधीच नाही.